कहाणीतले मधले दिवस

माझं माहेर पाटनच्या वरल्या अंगाला, डोंगरात, उंबरं मोजायला गेलं तर दोन हातांची बोटं पुरून उरतील यवढीशी वाडी. आमच्या घरात बायका चिक्कार, पर बोलनारी एकटी आत्या, बाकीच्या नुसत्या राबनाऱ्या. आत्याचा नवरा कवाच गेलेला, ती माघारी भावाकडं येऊन राहिलेली, आन् तिला सगळ्या कहान्या पाठ. सोमवारची, शुक्करवारची, जिवतीची. सरावनात वाडीतल्या बायका हातात तांदळाचं दानं घेऊन बसायच्या आन् ती सांगायची. दाना हातात असल्याबिगर ऐकायची न्हाई आन् संपल्याबिगर उठायचं न्हाई, मधी उठलं की पाप लागतं म्हनायची. आता लागतं का न्हाई ते देवाला ठावं. पर कहानीत काय असतंय ते तुमाला म्हाईत असंल, शिकलेल्या बाई तुमी. पयलं सगळं वाईट असतंय. घरात खायाला न्हाई, अंगावर ल्यायला न्हाई, कुनीबी येतंय आन् टाकून बोलतंय. मग ती बाई वसा घेती, सोसती, सोसती, आन् शेवटी तिच्या दारात पालखी येती. मला त्यो शेवट लई आवडायचा. मधलं सगळं मी कानाआड करायची, कवा एकदा पालखी येती असं व्हायचं.

लगीन झालं तवा आमचं मालक मशीद बंदरात हमाल व्हते. गावच्या मानसांची तिकडं एक खोली व्हती, सगळी वाडी त्या खोलीत, आळीपाळीनं झोपायची, मी मातुर गावाला सासूपाशी. सनासुदीला यायचे, चार दिवस राहायचे, परत जायचे. मग बाजार खाडीच्या अलीकडं वाशीला आला, मानसं बी बाजारामागं आली, आन् आमाला हितं कोपरखैरन्यात खोली मिळाली, तवा मी आले. हितं तवा काय बी नव्हतं बगा, नुसता वारा. मालकांचा सोभाव गप. म्हंजे रागीट न्हाई, वाईट न्हाई, कवा हात उगारला न्हाई, पर बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. कामावरनं आले, आंघोळ केली, जेवले, भितीला पाठ लावून बसले. काय झालं आज, इचारलं की म्हनायचे काय व्हनार, गोन्या. मला वाटायचं बापडा दमला, ह्येच्या जिवाला सुख न्हाई.

मी बी मग बाजारात लागले. धान्य बाजारात पालावाली म्हनत्यात आमाला. गाडी खाली करताना गोनी फाटती, दानं सांडत्यात, ते झाडून गोळा करायचं, चाळायचं, पाखडायचं, खडं काढायचं. दहा-बारा बायका असायचो एका अंगाला. त्यातली ठकूबाई माझ्या शेजारी बसायची, ती हितलीच, घनसोली गावची, खाडीवरची. ते दिवस म्हंजे धुळीचं, नाकातोंडात नुसता भुसा, त्याचं काय सांगू तुमाला.

तर कहानी कशी सुरू झाली ते सांगते. आमचा सुरेश ल्हानपनी जेवायचा न्हाई. एकुलता एक, त्याच्या आदली दोन राहिली न्हाईत, म्हनून जिवाचं मोल. घास तोंडाशी नेला की मान फिरवायचा. मग मला आत्याची आठवन झाली आन् मी चालू केलं, आटपाट नगर व्हतं, नगराचं नाव कोपरखैरनं. तिथं एक हमाल राहत व्हता, त्याच्या पाठीवर सारखी गोनी. ऊन असूदे, थंडी असूदे, गोनी काय उतरंना. त्याची बायको सांडलेलं दानं येचायची. दोघांनी लई सोसलं, लई सोसलं, आन् त्यांना एक पोरगा झाला, त्याचं नाव काय? मग त्यो म्हनायचा सुरेश, आन् आ करायचा. मी घास भरवायची. मग सुरेश मोठा झाला, साहेब झाला, पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसला, आन् एक दिवस गाडी घेऊन बाजारात आला आन् सगळ्यांदेखत बापाच्या पाठीवरची गोनी उतरवली. शेवटचा घास त्या गोनीला.

गमतीचीच गोष्ट व्हती हो. पर ती रोज सांगून सांगून मला खरी वाटाया लागली. शेजारच्या बायका यायच्या ऐकायला, सरावनात तर त्यांच्या हातात तांदूळ असायचे, मी सोमवारची सांगायची आन् मागनं कुनीतरी म्हनायचं, मावशी, आता तुमची सांगा. मला बरं वाटायचं. आपलं हाल उगाच न्हाईत, ह्येला फळ हाय, असं वाटलं की मानूस कायबी सोसतंय. पायाला काच लागली, कहानीतलं सोसनं. गावाला गेल्यावर सासू टाकून बोलली, कहानीतलं सोसनं. बाजारात ठकूबाई मला हसायची, म्हनायची, अगो, तुजी पालखी कवा येल गो? म्हटलं, पोरगं धावीला तरी जाऊदे.

पोरगं धावीला गेलं, पर त्याचं चित्त पुस्तकात नव्हतं. अंगानं मातुर असा झाला की बघनाऱ्यानं बघत राहावं. आमच्या नळाला पानी नसलं की खालनं हंडं आनायचा, माझा एक, शेजारनीचा एक, वर म्हाताऱ्या काकूंचा एक. बापाचा डबा घेऊन बाजारात जायचा आन् तिथंच रमायचा, हमालांच्या टोळीतल्या बाप्यांच्यात बसायचा, ते त्याला गोनीला हात लावून बघ म्हनायचे. मी त्याला वरडायची, तुजं काय हाय तिथं. बारावी कसातरी पास झाला, कालेजात एकदा आडकला, दोनदा आडकला.

तवाच मालकांची कंबर गेली. आता आमच्यात कसं असतंय, टोळीत ज्याचं नाव हाय त्याच्या जाग्यावर त्याचा पोरगा लागतो. नाव लागलं की मग काळजी न्हाई, दवाखाना हाय, म्हातारपनाचं हाय, चार मानसं पाठीशी हाईत. टोळीबाहेरचा हमाल बी गोनीच उचलतो, पर त्याचं काय झालं तर त्यो आन् त्याचं नशीब. गावाकडं लोक वावरासाठी भांडत्यात, आमच्यात टोळीतल्या जाग्यासाठी भांडत्यात, यवढं त्याचं मोल. मुकादम घरी आले, म्हनले ज्ञानबा, आता पोराला लाव. मालक जेवत व्हते. सुरेश माझ्याकडं बघून म्हनला, आई, मी लागतो आबांच्या जाग्यावर.

मी काय बोलले ते सांगते, तुमी लिवून घ्या, लपवायचं काय आता. मी म्हटलं, जनावराचं काम करन्यासाठी जल्माला घातला न्हाई तुला. ह्या घरात एक जनावर झालं तेवढं बास झालं. असं म्हटलं मी. मला वाटलं मी नवऱ्याचीच बाजू घेऊन बोलती, त्यांच्या कष्टाचं बोलती. मालक ताटावर बसलेले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवनाला लावला, खाल्ला. मग मुकादमांना म्हनले, तिचं म्हननं बी बरोबर हाय, पोरगं शिकतंय. सुरेश उठून बाहेर गेला. मी मुकादमांना च्या टाकला.

मग ती जागा वाया कशाला घालवा म्हनून माझ्या दिराच्या पोराला, बाळूला, दिली. बाळू गावाकडनं आला, गरीब पोरगं, आला त्या दिवशी माझ्या पाया पडला. आज त्यो मुकादम हाय, घर हाय, पोरं इंग्लिश शाळेत, अजून मला पयल्या पगाराचं लुगडं दिल्याचं सांगतो. त्याचा मला राग न्हाई, त्यानं काय मागून घेतलं नव्हतं. पर त्याच्या दारावरनं जाताना माझी मान आपोआप दुसरीकडं फिरती, हे खोटं कशाला बोलू.

सुरेश मग अभ्यासिकेत जाऊन बसायचा, परीक्षा द्यायचा, लागायचा न्हाई. आन् एक दिवस सांगत आला, आई, नोकरी लागली, बेलापूरला, हापिसात. काय काम इचारलं तर म्हनला कॉम्प्युटरचं. ताई, मी पेढं वाटले. सगळ्या जिन्यात वाटले, बाजारात जाऊन वाटले. ठकूबाईनं दोन खाल्ले. मालकांनी एक घेतला आन् हातातच धरून बसले.

रोज सकाळी मी त्याचा पांढरा सदरा इस्तरी करून ठेवायची. कडक इस्तरी, कॉलरला जास्ती. सांजचा परत यायचा तवा सदरा जसाचा तसा. पाठीला चुनी न्हाई, बाहीला मळ न्हाई. मी सगळ्यांना सांगायची, आमच्या सुरेशची ऱ्हानी बघा, अशी टापटीप बामनाच्यात नसंल. आता मला सांगा, दिवसभर खुर्चीला पाठ लावून बसनाऱ्याच्या सदऱ्याला चुनी पडनार न्हाई व्हय? अंगातलं बनेल मातुर त्यो आपलं आपन धुवायचा, मला हात लावू द्यायचा न्हाई. मला वाटायचं आईची काळजी.

मग मुली सांगून याया लागल्या. चांगल्या घरच्या, हापिसातला पोरगा म्हनून. ह्यो न्हाई म्हनायचा. एकीला न्हाई, दुसरीला न्हाई. एक साताऱ्याकडची पोरगी व्हती, नर्सबाई, आमच्या घरी येऊन गेली, मला पसंत, मालकांना पसंत, सुरेश तिच्याकडं बघत व्हता त्यावरनं त्याला बी पसंत. ती गेल्यावर न्हाई म्हनला. मी भांडले, रडले, जेवले न्हाई. तुला पाहिजे तरी काय, म्हटलं. त्यो म्हनला, आई, त्या पोरीला तू काय सांगितलंस? म्हटलं काय सांगनार, हापिसात हाय म्हनून सांगितलं. मग न्हाई, म्हनला. मला कायसुदीक कळलं न्हाई.

कळलं ते दिवाळीला. पयल्या आंघोळीला मी त्याला दर साली तेल लावायची, मोठा झाला तरी, सनाला आईनंच लावायचं असतंय. त्या साली त्यो नको नको करत व्हता, मीच बळंबळं पाटावर बसवला, अंगातलं काढ म्हटलं. मानेपासनं हात खाली आनला आन् मानेखाली, दोन खांद्यांच्या मधी, हाताला घट्टा लागला. ताई, मी हमालाची बायको. त्यो घट्टा मी मालकांच्या पाठीवर किती वर्सं चोळलेला, डोळे झाकून वळखीन. त्यो खुर्चीवर बसून येत न्हाई. एका महिन्यात न्हाई येत, दोन महिन्यांत न्हाई येत. माझा हात तिथंच थांबला. सुरेशला कळलं की मला कळलं. बाहेर पोरं फटाकं वाजवत व्हती.

आन् मी काय केलं, तर मी हात फिरवून खाली आनला, आन् म्हटलं, पानी निवतंय, घे आंघोळ.

झालं. यवढंच. तोंड उघडून एक शब्द बोलले असते, अरं, कुठं जातोस, काय उचलतोस, टोळीत हाईस का बाहेरचा. पर मी बोलले असते तर मग हापिस न्हाई, साहेब न्हाई, शेवट न्हाई. मग नुसतं सोसलेलं राहतंय हातात, त्याचं करायचं काय? त्या दिवशी फराळाला बायका आल्या आन् त्यांनी इचारलं सुरेशला बोनस काय मिळाला, तर मी म्हटलं त्यांच्याकडं मिठाईचा मोठा डबा देत्यात. दुसऱ्या दिवशी परत सदरा इस्तरी केला. तिसऱ्या दिवशी केला. मी इस्तरी करत राहिले आन् त्यो घालून जात राहिला, आन् दोघं एकमेकांकडं बघायचो न्हाई.

मधी मालक गेले. झोपेत गेले, कुनाला तरास न्हाई, जसे राहिले तसे गेले. टोळीतली सगळी आली व्हती. एक म्हातारा हमाल तर असा हुंदके देऊन रडला की मला नवल वाटलं, माझ्या गपगार मानसासाठी ह्यो बाप्या यवढा का रडतोय.

त्याच्या पुढच्या साली बाळूचा फोन आला. काकू, घाबरू नका, दवाखान्यात या. कळंबोलीच्या पुढं एक गोडाऊन, तिथं गोन्यांची थप्पी ढासळली, सुरेश खाली सापडला. खुबा गेला, मांडीचं हाड गेलं. टोळीबाहेरची मानसं ती, गोडाऊनवाला नुसता रिक्षात घालून द्यायला तयार, बाळूला कुनी वळखीचं भेटलं म्हनून त्यानं धावपळ केली. मी गेले तर पोरगं पांढरंफट. डाक्टरीन बाई आली, तरनीच व्हती, इचारू लागली, नाव काय, वय काय, काम काय करतात. आन् माझ्या तोंडातनं, ताई, त्याच्या उशाशी उभी राहून, गोनीचा भुसा अजून त्याच्या केसात, माझ्या तोंडातनं आलं, हापिसात हाय, बेलापूरला.

सुरेशनं डोळे उघडले. म्हनला, मॅडम, हमाल लिहा.

माझ्याकडं बघून न्हाई म्हनला. रागानं बी न्हाई. नुसतं म्हनला. त्या बाईनं लिवलं आन् पुढचं इचारलं. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले. बाळू पानी घेऊन आला, म्हनला काकू, मला म्हाईत नव्हतं, आईशपथ, मला म्हाईत असतं तर मी त्याला कसाबी टोळीत घेतला असता. ते ऐकून तर मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. त्याला घ्यायचा कशाला, त्याचीच जागा ती.

आता त्यो काठी घेऊन चालतो. वजन उचलायचं न्हाई म्हनून सांगितलंय. आमच्या सोसायटीतल्या लोकांनी त्याला गेटवर बसवला, पंप चालू करायचा, टाकी भरली की बंद करायचा, येनाराजानाराची नोंद. खुर्ची दिली हाय बसायला. बघा, खुर्ची मिळाली शेवटी. चाळिशी उलटली, लग्नाचं कोन इचारत न्हाई. ती नर्सबाई हितंच पनवेलला हाय म्हनं, दोन पोरं हाईत. देव तिचं भलं करो, पोरगी सरळ व्हती, तिला खरं सांगितलं असतं तर कदाचित ती हो बी म्हनली असती. हे मला रातंदिस खातंय. कुनी मला वाईट बोलत न्हाई. उलट म्हनत्यात, मावशी, तुमी पोरासाठी काय कमी केलं. काय कमी केलं ते माझं मला ठावं.

पर खरं सांगायचं ते पुढंच हाय. मागल्या उन्हाळ्यात एक दुपारी आमी दोघंच घरात, मी लसून सोलत व्हते, त्यो खाटेवर पाय लांब करून. माझ्यानं राहावलं न्हाई. म्हटलं, सुरेश, लई हाल झालं रं तुझं माझ्यापायी, जनावरावानी राबलास. त्यो म्हनला, आई, मला ते काम आवडायचं.

म्हटलं, माझ्या समाधानासाठी बोलू नको. म्हनला, न्हाई ग, खरंच आवडायचं. गोनी पाठीवर बसली ना नीट, की तिचं वजन लागत न्हाई, आपसूक पाय चालत्यात. सकाळी गाडी भरलेली असती आन् दुपारी रिकामी, आपन रिकामी केली, डोळ्यांनी दिसतंय. हापिसात काय दिसलं असतं मला. फकस्त ते सदऱ्याचं लई जड व्हायचं, म्हनला. सकाळी घालून जायचा, तिथं खिळ्याला टांगायचा, आन् घरी येताना परत घालायचा. गोडाऊनातली पोरं त्याला साहेब म्हनून चिडवायची.

मग हळूच म्हनला, आबांना म्हाईत व्हतं.

मी लसनीची पाकळी तशीच हातात धरून बसले. म्हनला, पयल्याच महिन्यात वळखलं त्यांनी माझ्या चालीवरनं. मला काय बोलले न्हाईत, एका सुट्टीला म्हनले चल जरा फिरून येऊ, आन् मला घेऊन डायरेक त्या गोडाऊनात आले, कुनाकडनं तरी पत्ता काढलेला. मला एक गोनी उचलायला लावली, बघितलं आन् म्हनले, असं उचलशील तर पाच वर्सांत कंबर जाईल माझ्यावानी. मग दाखवलं त्यांनी, पाय कुठं ठेवायचे, श्वास कवा सोडायचा, थप्पीकडं पाठ का करायची न्हाई. त्यांची कंबर गेलेली, तरी एक गोनी घेऊन दाखवली. मी म्हटलं मग मला का सांगितलं न्हाई दोघांनी? सुरेश म्हनला, आबा म्हनले, तिला सांगू नको, ती त्या कहानीवर जगती.

बघा, ताई. मी म्हनत व्हते मी दोघांना जगवते.

मग त्यो म्हनला, आई, तुला काय आवडायचं बाजारात? मी म्हटलं, मला काय आवडनार, धूळ आन् भुसा. म्हनला, आठव की. मला वाटलं काय सुचनार न्हाई, पर एकदा आठवाया लागले तर थांबंना. दुपारी गाड्या यायच्या बंद झाल्या की आमी सगळ्या पालावाल्या रिकाम्या बारदानावर गोल करून बसायचो. ठकूबाई घरनं सुकट आनायची, लसून घालून केलेली, तिच्या डब्यावर आमी तुटून पडायचो आन् ती माझी शेंगाची चटनी पळवायची. ती व्यापाऱ्याची चाल करून दाखवायची, पोट पुढं काढून, धोतराचा सोगा धरल्यासारखा करून, आन् आमी इतक्या हसायचो की एकीला उचकी लागायची. नवा आंबेमोहोर आला आन् गोनी फाटली की सगळा गाळा वासानं भरून जायचा, मी ओंजळ नाकाला लावून बसायची, कुनी वरडलं तरी. ठकूबाई म्हनायची, खातंस का नाकानं आता.

मी हे सांगितलं तर सुरेश हसला, लई दिसांनी हसला. म्हनला, हे तू कवाच सांगितलं न्हाईस ल्हानपनी. म्हटलं, हे कहानीत बसत नव्हतं रं. तिथून मी घरी यायची आन् तुला भरवताना सांगायची, लई सोसलं, लई सोसलं.

ठकूबाई त्याच्या आदल्याच थंडीत गेली. मी तिच्या दिवसाला गेले व्हते, पर तवा मला हे आठवलेलं नव्हतं, नुसती रडून आले. असती तर आता रिक्षा करून गेले असते आन् तिला सांगितलं असतं की बाई, आपलं बरं चाललं व्हतं तवा.

आता दुपारचं आमचं असंच चालतं. त्याचा पंप बंद झाला की त्यो वर येतो, जेवतो, आन् मी इचारते. पुढं काय झालं असं इचारत न्हाई, कसं व्हतं ते इचारते. मालकांचं तर मला आता सगळं त्याच्याकडनंच कळतंय. त्याला टोळीतल्या जुन्या मानसांनी सांगितलेलं. त्यांना कुठला च्या आवडायचा, टोळीत त्यांचं कुनाशी पटायचं. त्यांच्या मयताला रडला त्यो म्हातारा, त्येचं आन् ह्यांचं ल्हान पोरांसारखं चालायचं म्हनं, गोनी पाठीवर असताना ह्ये कायतरी असं बोलायचे की म्होरल्याला हसू आवरायचं न्हाई, मुकादम शिव्या द्यायचा, ज्ञानबा गप बस, सगळी टोळी पाडशील. आमचे मालक. मानसांना हसवायचे.

तीस-पस्तीस वर्सं मी त्यांच्या ताटाला ताट लावून जेवले, ताई, आन् मला ते ठावं न्हाई. घरात मी त्यांना बापडा करून बसवलं व्हतं, सोसनारा. मग हसायचं कुठं त्यांनी? ते बाजारात हसून यायचे आन् दारात चपला काढताना तोंड बारीक करून आत यायचे, माझ्यासाठी. गोनी उतरवायला ते कुनाची वाट बघत नव्हते, मीच बघत व्हते.

असूदे. तुमाला पोरंबाळं असतील त्यांचं कल्यान व्हवो. च्या निवला तुमचा, थांबा, दुसरा टाकते. सुरेश बी येईल आता वर, त्याला इचारा तुमी त्याच्या आबाचं. म्होरल्याला काय बोलायचे ते मी त्याला किती येळा सांग म्हटलं, तर आईफुडं बोलायचं न्हाई म्हनतो. तुमी इचारून बघा. मी आत जाऊन बसते, भितीआडनं ऐकते.